तिचं तोंड मिटलेलं असताना

गेल्या अंकात मी माझ्या टाकीतल्या यलो लॅब या पिवळ्या माशाच्या एका मादीबद्दल थोडंसं लिहिलं होतं. रंगामुळे मी तिला हळदी म्हणते. बावीस दिवस तोंडात पिल्लं धरून ती दगडाच्या कपारीत बसून होती. नाकासमोरून दाणे तरंगत गेले तरी तिने तोंड उघडलं नाही. एवढ्याशा मजकुरावर पत्रांचा ढीग आला. म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे: आफ्रिकेतल्या तळ्यांमधले सिक्लिड मासे, तोंडात अंडी सांभाळणाऱ्या त्यांच्या माद्या आणि त्यांची पिल्लं. बरीच पत्रं एकाच प्रकारची होती, त्यातली काही निवडली आहेत.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी यलो लॅबची मादी बारा दिवस झाले काही खात नाही. हनुवटीखाली फुगवटा आहे, म्हणजे अंडी धरली आहेत हे कळतंय. पण ती खंगत चालली आहे आणि मला ते बघवत नाही. तिला वेगळ्या टाकीत काढू का? टाकी चार फुटी आहे, पंधरा म्बुना आहेत, त्यात तीन नर.

उत्तर: बघवत नाही हे मी समजू शकते, पण आज तिला जाळी लावू नका.

ती उपाशी आहे ती आजाराने नाही. मलावी तळ्याच्या खडकांमध्ये राहणाऱ्या या माशांना म्बुना म्हणतात. तळ्याकाठच्या टोंगा लोकांचा हा शब्द. म्बुनांमध्ये अंडी सांभाळायचं सगळं काम मादीकडे असतं, नर अंडी फळवून मोकळा होतो. तुमच्या टाकीचं पाणी २६ अंशांच्या आसपास असेल तर अंडी पाच ते सात दिवसांत फुटली असतील. पण फुटली म्हणजे पिल्लं तयार झाली असं नाही. पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लोंबत असते आणि शेपटी नुसती वळवळत असते. तो बलक अंगात जिरेपर्यंत पिल्लाला धड पोहता येत नाही. हे सगळं तोंडातच होतं आणि त्याला एकूण तीन आठवडे लागतात, कधी दोन-चार दिवस जास्त. बारा दिवस झाले म्हणजे तिची निम्म्याहून जास्त वाट सरली आहे.

तिच्याकडे नीट बघा. अधूनमधून ती काहीतरी चघळल्यासारखी हालचाल करते ना? तोंडातल्या तोंडात ती पिल्लं घोळवत असते, प्रत्येकाला ताजं पाणी मिळावं म्हणून. त्याची बरोबरी कुठल्याही यंत्राने पूर्णपणे होत नाही, हे मी यंत्रं वापरून सांगते आहे. काही माद्या याच काळात एखादा बारीक कण टिपतातही. तसं दिसलं तर अंडी गेली असं लगेच समजू नका.

रोड ती होईलच. पोट आत जातं, डोक्यामागचं मांस बसतं. धडधाकट मादी एवढं सोसते. सोसवत नाही ते खेपेमागून खेप. आणि तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती तिच्या उपवासाची नाही, तीन नरांची. तीन नर एकमेकांशी भांडणार आणि उरलेल्या वेळात माद्यांच्या मागे लागणार. तेव्हा काढायचंच असेल तर दोन नर काढा. तिची जागा हलवू नका. दगड असे रचा की प्रत्येक कपारीला दोन तोंडं असतील. एकच तोंड असलेली कपार म्हणजे सापळा, दारात नर उभा राहिला की तिला बाहेर पडायला वाट नाही. पाणी बदला, पण एका वेळी पाव टाकी, आणि नवं पाणी त्याच तापमानाचं.

नर काढूनही कोणी तिचे पर फाडत असेल, तर मात्र हलवावं लागेल. तेव्हा दिवे घालवून अर्ध्या तासाने, जाळीऐवजी भांड्याने, पाण्यासकट उचला. पहिल्या वर्षी मी नवव्या दिवशी एका मादीला भर उजेडात जाळीत धरलं होतं. तिने जाळीतच सगळं सोडलं. बावीस जीव होते, पोटाला बलक लागलेले. हवेच्या नळीवर एका डब्यात ठेवले. चार दिवसांत एकोणीस गेले. माझ्या वहीत तो दिवस अजून आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मादीपुढे मी अंडी धरल्याची तारीख लिहिते. तुम्हीही लिहा. अंदाजाने दिवस मोजले की हमखास लवकर हात घातला जातो.

प्रश्न: माझ्या मादीने तीनदा अंडी धरली, तिन्ही वेळा पाचव्या-सहाव्या दिवशी तोंड रिकामं. ती पिल्लांना खाते का? ही मादीच वाईट आहे का?

उत्तर: तुम्ही लिहिलं आहे की ती साडेसहा सेंटिमीटरची आहे आणि या तीन तिच्या पहिल्याच खेपा आहेत. म्हणजे ती पहिलटकरीण आहे, वाईट नाही. पहिल्या दोन-तीन खेपा अशा जाणं अगदी नेहमीचं आहे. हळदीची पहिली खेप सहाव्या दिवशी गेली, दुसरी अकराव्या दिवशी. तिसऱ्या वेळी नऊ पिल्लं निघाली.

पण एक गोष्ट तपासा. तिन्ही वेळा पाचव्या-सहाव्याच दिवशी तोंड रिकामं होतंय. अंडी फळलीच नसतील तर ती याच सुमाराला पांढरी पडून कुजू लागतात आणि मादी ती टाकते किंवा गिळते. तुमच्याकडे नर आहे ही खात्री कशावरून? यलो लॅबमध्ये नर आणि मादी दोघंही पिवळे. नराच्या पोटाखालचे पर सहसा जास्त काळे असतात, पण दबलेला नर फिका पडतो आणि दांडगी मादी काळी होते. खात्रीचा उपाय एकच: मासा ओल्या हातात उलटा धरून पोटाखालची दोन छिद्रं बघायची. नरात दोन्ही जवळपास सारखी दिसतात, मादीत शेपटीकडचं छिद्र ठळक मोठं असतं, कारण अंडी तिथून येतात. दोन माद्यांनी मिळून अंडी घातल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. दोघींनी धरली आणि दोघींनी आठवड्याच्या आत टाकली.

नर असेल, तर आणखी दोन खेपा तिला द्या. टाकीसमोरची वर्दळ कमी करा.

प्रश्न: पिल्लं तोंडातून काढायची, म्हणजे स्ट्रिपिंग, ते कितव्या दिवशी करावं? कोणी दहावा दिवस सांगतं, कोणी एकविसावा. आणि नेमकं कसं? मला भीती वाटते.

उत्तर: भीती वाटते हे चांगलं आहे, ती थोडी राहू द्या.

आधी विचारा की काढायची गरज आहे का. मादीला शांत टाकी मिळाली तर ती वेळ झाली की स्वतः पिल्लं सोडते. वीस-एकवीस दिवस झाले की तिला वेगळ्या छोट्या टाकीत हलवावं, तळाला दोन कपारी ठेवाव्यात आणि वाट पाहावी. एका सकाळी काचेशी एक सेंटिमीटरची पिल्लं दिसतात, अगदी आईच्या रंगाची. काही जातींच्या माद्या, उदाहरणार्थ निम्बोक्रोमिस, सोडल्यावरही काही दिवस धोका दिसला की पिल्लं परत तोंडात घेतात. म्बुनांमध्ये ही माया बहुधा सोडण्यापाशी संपते. माझ्याकडच्या दहा खेपांपैकी सात-आठ मी अशाच होऊ देते.

काढावंच लागतं ते मादी फार रोडावली असेल, किंवा तेवीस-चोवीस दिवस होऊनही सोडत नसेल तेव्हा. अशा वेळी अठराव्या दिवसाच्या आत मी हात लावत नाही. दहाव्या दिवशी काढलेली पिल्लं म्हणजे बलकाचे गोळे. ती तळाशी पडून राहतात, त्यांना बुरशी धरते, आणि त्यांना सतत हलवत ठेवणारी हवेची नळी जरा जोरात लागली तर बलकाची पिशवी फाटते.

आता कसं ते. उथळ पसरट भांड्यात तिच्याच टाकीचं पाणी घ्या. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. मादीला डोकं खाली, शेपटी वर असं मुठीत धरा, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली राहील इतकं. अंगठ्याने खालचा ओठ हलकेच मागे ओढा. ओढत धरून ठेवायचं नाही. उघडायचं, सोडायचं, परत उघडायचं. टोकदार काहीही तोंडात घालू नका. दोन-तीनदा पाण्यात वरखाली केलं की पिल्लं ओघळतात. तोंड दिवसेंदिवस मिटलेलं असल्यामुळे जबडा ताठ वाटतो, तिथे ताकद लावली तर जबडा निखळतो. तीस सेकंदांत झालं नाही तर तिला पाण्यात सोडा, दहा मिनिटांनी पुन्हा. एखाद-दुसरं पिल्लू गालाच्या मागे अडकून राहतं, म्हणून शेवटी एकदा परत बघा.

हे सगळं म्बुनांसाठी. टांगानिका तळ्यातल्या ट्रोफियसना हे वेळापत्रक लावू नका. त्यांची अंडी मोजकी, दहा-बाराच्या आसपास, पण फार मोठी असतात आणि चार आठवडे तरी तोंडात राहतात. ट्रोफियसची मादी त्या काळात खाते, पण स्वतःसाठी नाही, तोंडातल्या पिल्लांसाठी. घेतलेलं अन्न पिल्लं तोंडातच खातात. म्हणून तिच्यासमोर बारीक खाद्य ठेवावं लागतं. त्याच तळ्यातल्या फ्रंटोसा सिक्लिडची मादी त्याहूनही जास्त दिवस धरून बसते.

पिल्लं काढल्यावर आईला विसरू नका. चार-पाच दिवस वेगळं ठेवून थोडं थोडं खाऊ घाला, पहिल्या दिवशी अगदी चिमूटभर. मग रात्री दिवे घालवून मूळ टाकीत सोडा, आणि त्याच वेळी दोन-चार दगडांच्या जागा बदला. सगळ्यांनाच आपापली हद्द नव्याने आखावी लागते, तेव्हा परत आलेल्या एकटीवर कोणी तुटून पडत नाही. महिनाभर वेगळी ठेवलीत तर तिची टाकीतली पत गेलेली असते आणि तिला परकी समजून मारतात.

प्रश्न: पिल्लं व्यवस्थित निघाली, अठ्ठावीस होती. दहा दिवस छान वाढली आणि मग रोज दोन-तीन मरू लागली. आता अकरा उरली आहेत. तीस लिटरची टाकी, नवा स्पंज फिल्टर, सामू (पीएच) ८.४. दिवसातून पाच वेळा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची पिल्लं) आणि कुटलेले फ्लेक देतो. अमोनिया ०.५ दाखवतो, दुकानात ते चालतं म्हणाले. ताई, नेमकं काय चुकतंय?

उत्तर: अमोनिया ०.५ चालतो असं ज्याने सांगितलं त्याने सामू विचारला नाही. तुम्ही आकडे दिलेत म्हणून मी नेमकं सांगू शकते.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक माशाला फारसं बाधत नाही, दुसरं कल्ले जाळतं. कुठलं किती हे सामू ठरवतो. सामू ७ असताना विषारी रूप शंभरातला एक भागही नसतं. सामू ८.३ झाला आणि पाणी २६ अंशांचं असलं की तेच सुमारे दहावा भाग होतं. म्हणजे सामू ७ च्या टाकीत जे मोजमाप दुर्लक्ष करण्याजोगं, तेच तुमच्या पिल्लांना मारतंय. आफ्रिकी सिक्लिडना क्षारीय, कठीण पाणी लागतं, मलावीच्या माशांना ७.७ ते ८.६ आणि टांगानिकाच्या माशांना ९ च्या आसपास. ते बरोबरच आहे, सामू पाडू नका. पण या पाण्यात अमोनियाला शून्याशिवाय दुसरा आकडा नाही.

आजच निम्मं पाणी बदला, उद्या पुन्हा निम्मं. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि त्याच सामूचं हवं. पाणी मऊ असेल तर खायचा सोडा ५० लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे चमचाभर, विरघळवून घाला. त्याने क्षारीयता ४ अंशांनी (तापमानाचे नव्हे, केएचचे अंश) वाढते. टाकीत शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा असला तर सामू आपोआप टिकतो. आणि मोठ्या टाकीतल्या फिल्टरमधला जुना, मळकट स्पंज आणून या टाकीत बसवा. नव्या स्पंजमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू नाहीत, त्यांना वस्तीला महिना लागतो. मी पिल्लांच्या टाकीचा स्पंज कायम मोठ्या टाकीत एका कोपऱ्यात चालू ठेवते. मादीने अंडी धरली की तीन आठवडे हातात असतात, त्यात सगळी तयारी होते.

खाद्य कमी करा. पाच वेळा चालेल, पण प्रत्येक वेळी दोन मिनिटांत संपेल एवढंच. आर्टेमियाची अंडी तुम्ही घरी फोडता हे छान आहे. लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, २७-२८ अंश, जोरदार हवा आणि उजेड, एवढं दिलं की चोवीस ते छत्तीस तासांत निघतात. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "सगळं गाळून टाकतो." तसं करू नका. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, आर्टेमियाची जिवंत पिल्लं खाली आणि उजेडाकडे गोळा होतात. तेवढीच नळीने ओढा आणि गोड्या पाण्याने धुऊन घाला. टरफलं माशांच्या पिल्लांच्या आतड्यात अडकतात. दोन आठवड्यांनंतर आर्टेमिया कमी करत स्पिरुलिना या शेवाळाचं बारीक खाद्य वाढवा. बहुतेक म्बुना दगडावरचं शेवाळ खरवडून जगणारे आहेत, आयुष्यभर मांसाहारावर वाढवायचे नाहीत.

उरलेली अकरा वाचतील. तीन महिन्यांत ती अडीच सेंटिमीटरची होतात, तेव्हा मला पुन्हा लिहा.

प्रश्न: माझ्या डेमासोनी जातीच्या म्बुना मादीचं पोट फुगलं आहे, हनुवटी नाही. खाद्य तोंडात घेते आणि थुंकते. हेही अंडी धरण्याचंच लक्षण का?

उत्तर: नाही, आणि उशीर करू नका. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर हा ब्लोट, म्हणजे पोट फुगण्याचा आजार आहे. मलावीच्या शाकाहारी माशांना हा वारंवार होतो. ब्लडवर्म (लाल अळ्या), मांसाचं खाद्य, जास्त खाद्य, दांडगाईचा ताण ही नेहमीची कारणं. तुम्ही आठवड्यातून तीनदा ब्लडवर्म देता असं लिहिलं आहे. ते आजपासून पूर्ण बंद करा, दोन-तीन दिवस सगळ्या टाकीला उपास, निम्मं पाणी बदल. आजारी मासा वेगळा काढून मेट्रोनिडॅझोल या औषधाचा उपचार सुरू करायचा असतो, मात्रा माशांच्या डॉक्टरांकडून घ्या. मासा खात असतानाच औषध खाद्यातून देता येतं, खाणं पूर्ण थांबलं की मार्ग अरुंद होतो.

प्रश्न: माझ्याकडे एकच यलो लॅब मादी आहे आणि रेड झेब्राचा नर. पिल्लं झाली, केशरी-पिवळी, फार सुंदर. मित्र मागताहेत. देऊ का?

उत्तर: नको. मला ठाऊक आहे हे ऐकायला आवडणार नाही.

तुमच्या टाकीत मादीला आपल्या जातीचा नर मिळाला नाही, म्हणून ती दुसऱ्याजवळ गेली. मलावी तळ्यात शेकडो जातींचे सिक्लिड राहतात आणि बहुतेक दुसऱ्या कुठल्याही पाण्यात नाहीत. एकमेकांच्या इतक्या जवळच्या आहेत की संकर सहज होतो. तळ्यात मादी रंग, जागा, नराची चाल बघून निवडते, टाकीत तिला निवड उरत नाही. ही पिल्लं मित्राकडे गेली की "यलो लॅब" म्हणून पुढे जातील, त्यांची पिल्लंही, आणि चार पिढ्यांनी कोणाच्या टाकीत खरं काय आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. मलावीतल्याच पीकॉक सिक्लिड जातींच्या माद्या तर सगळ्या राखाडी, एकसारख्या. त्यांच्यात हा गोंधळ कधीच होऊन बसला आहे.

ही पिल्लं तुम्ही स्वतः वाढवा, त्यांचा काही दोष नाही. पुढच्या वेळेसाठी मादीला जोडीदार आणा किंवा नर बदला.

आणि कुठल्याही परिस्थितीत ओढ्यात, तळ्यात, विहिरीत सोडू नका. अनेक पत्रांत "जास्त झाली तर बाहेर सोडू" असं सहज लिहिलेलं होतं, ते वाचून मला झोप लागली नाही. व्हिक्टोरिया तळ्यात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा आणून सोडला. १९८० च्या दशकात त्याची संख्या प्रचंड वाढली आणि त्या तळ्यातल्या तोंडात अंडी धरणाऱ्या छोट्या सिक्लिडांच्या शेकडो जाती नाहीशा झाल्या किंवा नाहीशा होण्याच्या काठावर आल्या. परका मासा सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. तोंडात पिल्लं सांभाळणाऱ्या तिलापियानेही, ज्याला आपण चिलापी म्हणतो, जगभरच्या पाण्यांत अशीच जागा बळकावली आहे. जास्त पिल्लं नको असतील तर मादीला मोठ्या टाकीतच पिल्लं सोडू द्या. बारीक फटी असलेल्या दगडांत दोन-चार वाचतात, बाकीची टाकीतले मासे खातात. मला हे कठोर वाटत नाही, तळ्यातही असंच होतं.

प्रश्न: ताई, एक विचित्र गोष्ट झाली. मादीच्या तोंडातून पिल्लं काढली, तर त्यात सिक्लिडचं एकही नाही. ठिपक्यांचे, मिशा असलेले चार छोटे मासे निघाले! टाकीत दोन सायनोडोंटिस कॅटफिश आहेत. हे कसं शक्य आहे?

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. असं घरच्या टाकीत घडलेलं पाहायला मिळणं भाग्याचं आहे.

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसंच हे. टांगानिका तळ्यात सायनोडोंटिस मल्टिपंक्टाटस नावाचा कॅटफिश आहे. सिक्लिडची जोडी अंडी घालत असताना या कॅटफिशची टोळी मध्ये घुसते, काही अंडी खाते आणि आपली अंडी तिथेच टाकते. मादी घाईघाईने अंडी तोंडात उचलत असते, त्यात ती अंडीही येतात. कॅटफिशची अंडी आधी फुटतात आणि त्यांची पिल्लं तोंडातल्या तोंडात सिक्लिडची अंडी आणि पिल्लं खाऊन वाढतात. आई मात्र त्यांना आपलीच समजून तीन आठवडे उपाशी राहते. जपानी संशोधक तेत्सू सातो यांनी १९८६ मध्ये हे प्रसिद्ध केलं. माशांमध्ये दुसऱ्याच्या पोटापाण्यावर पिल्लं वाढवण्याचं इतकं पक्कं उदाहरण त्याआधी कोणाला माहीत नव्हतं. टाकीत हे कॅटफिश मलावीच्या माद्यांच्या बाबतीतही तेच करतात.

चौघांना आर्टेमिया द्या, छान वाढतील. पण त्या मादीची पुढची खेप व्हायच्या आत कॅटफिश वेगळे करा. तिने एकवीस दिवस उपास काढला आहे, तिचं एकही पिल्लू वाचलं नाही.

प्रश्न: मावशी, मी सहावीत आहे. आमच्या टाकीतल्या माशाच्या खालच्या परावर पिवळे गोल ठिपके आहेत. बाबा म्हणतात ठिपके असले की नर. पण त्याच माशाच्या तोंडात अंडी आहेत! मग बाबा चुकले का?

उत्तर: बाबा अर्धे बरोबर आहेत. ठिपके नराला जास्त, मोठे आणि ठळक असतात, पण बऱ्याच जातींमध्ये मादीलाही एखादा फिकट ठिपका असतो. तोंडात अंडी आहेत म्हणजे ती मादी, यात शंकाच नाही. बाबांना हे सांग, आणि तू स्वतः पाहून शोधलंस हेही सांग.

ते ठिपके कशासाठी, हे तू विचारलं नाहीस, पण तुला आवडेल म्हणून सांगते. अंडी घालताना नर आणि मादी गोल गोल फिरतात. मादी एक-दोन अंडी टाकते आणि लगेच वळून तोंडात घेते, इतक्या पटकन की डोळ्याला दिसत नाही. मग नर आपला खालचा पर पसरून तिच्यासमोर थरथरवतो. परावरचे ठिपके अगदी अंड्यांसारखे दिसतात. ती ते टिपायला तोंड जवळ नेते आणि तेव्हा तिच्या तोंडातली अंडी फळतात. वोल्फगांग विक्लर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे काही जातींमध्ये असंही दिसलं की हे ठिपके दुसऱ्या नरांवर वचक बसवायलाही उपयोगी पडतात.

आणि एक गंमत. माझी पिवळी हळदी ज्या यलो लॅब जातीची आहे, तिचं शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरूलियस. सेरूलियस म्हणजे निळा! १९५६ मध्ये ज्या माशांवरून नाव ठेवलं ते निळसर पांढरे होते, पिवळे नंतर मिळाले.

आता एक काम कर. एक वही घे आणि आजची तारीख लिही. रोज शाळेतून आल्यावर काचेपासून हातभर लांब बसून दहा मिनिटं बघ, ती किती वेळा चघळते ते मोज आणि लिहून ठेव. काचेवर टकटक करायची नाही. पिल्लं दिसली की कितव्या दिवशी दिसली आणि किती होती ते मला कळव, तुझं पत्र मी पुढच्या अंकात छापीन.